एकतीस पावलं

मल्लिनाथ आप्पाचं दोराचं दुकान. लातूरला, गंजगोलाईच्या एका बोळात. कासरे, दावी, सोल, पुढं नायलॉनचे दोर आले तेही. आता दुकान सून बघते. आप्पाला चित्रं काढायचा नाद. कुठं शिकला नाही, कुणी शिकवलं नाही. सहा दिवस दोर विकायचे आणि रविवारी चित्र काढायचं, असं त्यानं चाळीस वर्षं केलं. ह्या माणसाबद्दल मला लिहायचं आहे. त्याच्याबरोबर मी सोळा वर्षं फिरलो. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितो.

मी गवंडी. गुडघे गेले तेव्हा थापी ठेवली. भूकंपानंतर औसा-निलंग्याकडं उभी राहिली त्यातली कितीतरी घरं माझ्या हातची आहेत. आप्पाच्या दुकानाची मागची भिंत ओल धरून फुगली होती. ती उतरवून नवी घालायचं काम माझ्याकडं आलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर आप्पा पोत्यावर बसून माझंच चित्र काढतोय. जेवणाच्या सुट्टीत त्यानं कागद पुढं केला.

"कसं हाय मिस्त्री?"

"माणूस बरा हाय. भिंत वाकडी हाय."

"चित्र हाय ओ ते."

"मग चित्रात पडंल."

आप्पा हसला नाही. कागद घडी करून खिशात घातला. दुसऱ्या दिवशी परत बसला आणि पहिल्यापासून काढलं. माझी भिंत त्या वेळी अकरा थर चढली होती. चित्रात मोजले, अकरा. कोपऱ्यातला एक दगड मी आडवा घातला होता, तोही आडवाच होता. चूक सांगितल्यावर काम मोडून पुन्हा करणारा माणूस मी फार कमी पाहिलेला. मला तो आवडला.

पुढं मी त्याच्याबरोबर रविवारी जायला लागलो. रविवारी मलाही काम नसायचं. सकाळी सातला आप्पा बसस्टँडवर असायचा. खांद्याला कापडी पिशवी. तीत वही, चार पेन्सिली, रंगाची डबी, पाण्याची बाटली. हातात घडीचं स्टूल, त्याची बैठक आप्पानं स्वतः दुकानातल्या सोलानं विणलेली. औश्याच्या किल्ल्यावर गेलो. जळकोटकडच्या टेकड्यांवर गेलो. रेणापूरला रेणुकामातेच्या देवळाबाहेर नारळवाल्यांची रांग त्यानं तीन रविवार बसून काढली. वर्षातून एकदा नांदेडला, गोदावरीच्या घाटावर. तिथं एक रात्र माझ्या साडूकडं मुक्काम.

घरातून निघताना आप्पाची बायको पार्वतम्मा डबा द्यायची, धपाटे आणि शेंगाची चटणी, आणि वर दोन शब्द.

"महादेवाचं दर्शन सोडून गाढवं काढायला चालले. मिस्त्री, तुमी तरी शाने हाव म्हणलं होतं."

"मी काढत न्हाई ओ माय. मी नुसतं चुका काढतो."

"मग तर लईच पुण्य लागंल."

चुका काढायचं काम मी खरंच केलं. आप्पाचा हात चांगला होता, पण अंदाजानं चालायचा. देऊळ जवळ असलं तर लांब दिसायचं, लांबचं झाड अंगावर यायचं. मी त्याला म्हणालो, आधी मोजा. बसायची जागा पक्की करा. तिथून वस्तूपर्यंत चालत जा, पावलं मोजा, कागदाच्या खाली पेन्सिलीनं लिहा. मग काढायला घ्या. भिंत घालताना आम्ही दोरी लावतो, चित्राला पण दोरी पाहिजे. आप्पाला हे पटलं. त्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक चित्राखाली बारीक अक्षरात आकडे असायचे. कमान, बावीस पावलं. पिंपळ, पन्नास. उन्हात, काट्यांतून, म्हातारपणी पाय दुखत असतानाही तो चालत जायचा, मोजायचा, परत येऊन लिहायचा. लोक विचारायचे, म्हातारबा काय हरवलं का? आप्पा म्हणायचा, मोजायलोय बाबा, बोलू नका, चुकंल.

एक दिवस मात्र मी त्याच्याबरोबर नसायचो. येळवसेला. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं शहरात कुणी राहत नाही. सगळं लातूर रानात जातं. मी औश्याकडं पुतण्याच्या रानात जायचो. आप्पा जायचा व्यंकटच्या रानात, रेणापूरच्या पुढं. व्यंकट त्याचा शाळेतला सोबती. दोघं एका बाकावर बसलेले. व्यंकट त्याला अजून मल्ल्या म्हणतो.

व्यंकट आणि त्याचा धाकटा भाऊ लिंबाजी, दोघांचं रान शेजारी शेजारी. वाटणी झाली ती तोंडी. वडलांनी उभं राहून मधे बांध घालून दिला, हे तुझं, हे तुझं. कागदावर सगळं सामाईकच राहिलं. आमच्याकडं अशा वाटण्या पुष्कळ आहेत. भाऊ भावाकडं कागद मागत नाही. बांधावर मधोमध एक बोरीचं झाड होतं. अलीकडं व्यंकटचं रान, त्यात जुनी विहीर. पलीकडं लिंबाजीचं.

येळवसेला दोन्ही घरांची एकच कोप पडायची, बोरीखाली. कडब्याची झोपडी, आत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. सगळा स्वयंपाक लिंबाजीची बायको गुणाबाई करायची. भज्जी, उंडे, आणि आंबील. तिच्या आंबिलीसाठी लातूरहून माणसं यायची. जेवण झालं की आप्पा विहिरीच्या दगडावर स्टूल मांडायचा आणि तेच चित्र काढायचा. समोर कोप, बोर, बांध, मागं टेकडी. दर वर्षी तीच जागा, तोच दिवस. चौदा वर्षांची चौदा चित्रं झाली. आप्पाच्या सगळ्या कामात मला ती चौदा चित्रं जास्त आवडायची. एकच गोष्ट चौदा वेळा करायला दम लागतो.

आठव्या येळवसेनंतर लिंबाजी गेला. कावीळ झाली, महिन्यात आटोपला. गुणाबाई एकटी रान करायला लागली. एक पोरगी, सृष्टी, ती लातूरला नर्सिंगला.

पुढचं सगळं मागच्या फाल्गुनात सुरू झालं. मी आप्पाच्या दुकानात बसलो होतो. गुणाबाई आली. हातात पिशवी, पायात धुळीच्या चपला. पाणीसुद्धा न पिता बोलायला लागली.

"भावजी, तुमची येळवशीची चित्रं हायत ना?"

"हायत की वैनी. काऊन?"

"थोरल्या भावजींनी बांध कोरलाय. दर साली नांगराची दोन-चार तासं माझ्या रानात घुसलेत. मला कळायला येळ लागला. मी म्हणलं तर म्हणतेत, बांध हाय तिथंच हाय, तुझी नजर फिरली. बोर बी तोडली त्येंनी. काटे लागतेत म्हणले. खुंट सुद्धा उपसला."

"मोजणी मागवा ना," मी म्हणालो.

"मोजणीवाले गटाची हद्द दावतेत ओ मिस्त्री. आतला बांध त्येंच्या कागदावर न्हाईच. तो सासऱ्यानी घातलेला. तो कुठं व्हता हे सांगायला सासरे न्हाईत, मालक न्हाईत, बोर न्हाई. तुमची चित्रं तेवढी हायत."

 आप्पा उठला आणि आम्हाला वर घेऊन गेला. माडीवर कपाटात त्याच्या वह्या सालवार लावलेल्या. चौदा पानं त्यानं आमच्यापुढं जमिनीवर मांडली. मी गुडघा धरून खाली बसलो आणि वाचायला लागलो. चित्र नंतर, आधी आकडे.

विहीर ते बांध, एकतीस पावलं. पुढचं साल, एकतीस. त्याच्या पुढचं, एकतीस. आठ सालं एकतीस. लिंबाजी गेला त्या साली बत्तीस. मग तेहतीस. मग पस्तीस. छत्तीस. अडतीस. शेवटची येळवस, एकोणचाळीस.

बोर पहिल्या सालांत बांधाच्या मधोमध होती. अकराव्या सालच्या चित्रात ती व्यंकटच्या जवारीत उभी होती. बाराव्यात नव्हती.

गुणाबाईला वाचता येतं. तिनं एकेका आकड्यावर बोट ठेवलं. शेवटच्या पानावर बोट तसंच राहिलं.

"आठ पावलं," ती म्हणाली. "ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत."

मी आप्पाकडं बघितलं.

"आप्पा, हे तुम्हाला दिसलं न्हाई का?"

"दिसलं."

"मग?"

"मी मोजतो, लिहितो. भावकीत तोंड घालणं माझं काम न्हाई, मिस्त्री."

मला ते आवडलं नाही. सहा सालं त्यानं स्वतःच्या पायानं मोजलं, स्वतःच्या हातानं लिहिलं, आणि त्याच कोपीत बसून जेवला. पण मी मनात म्हणालो, लिहून तरी ठेवलं. खोटं लिहिलं नाही. बोलायची वेळ आली की बोलेल.

गुणाबाई म्हणाली, "पाडव्यानंतर गावात बसायचं ठरलंय. पारावर. पाच जण बसणार हायत. तुमी वह्या घेऊन या भावजी. दुसरं काही बोलू नका. नुसतं जे लिहिलंय ते वाचून दावा."

"आणतो वैनी."

"नक्की?"

"आणतो म्हणलं ना."

तिनं मग पाणी मागितलं आणि तांब्याभर प्याली.

मधले तीन आठवडे आप्पा एकाही रविवारी आला नाही. पाय दुखतो म्हणाला. मी खोटं धरलं नाही. माझेही दुखतात.

बैठकीच्या दिवशी आम्ही दोघं रेणापूरच्या बसनं गेलो. वह्यांची पिशवी त्याच्या मांडीवर. मी म्हणालो द्या इकडं, मी धरतो. दिली नाही. पारावर पाच जण, भोवती गाव. व्यंकट धुतलेल्या कपड्यात एका बाजूला. त्यानं आप्पाला बघून हात वर केला, "ये रे मल्ल्या, बस हितं." गुणाबाई खाली, बायकांत. सृष्टी कॉलेज बुडवून आली होती. ती आईच्या मागं उभी राहिली.

पंचांत मोठा विरूपाक्ष म्हणून म्हातारा होता. तो म्हणाला, "आप्पा, बाई म्हणती तुमच्या चित्रात बांधाचं माप हाय. दावा बरं."

आप्पानं वह्या काढल्या. म्हाताऱ्यानं पानं उलटली, शेजाऱ्याकडं दिली. वह्या हातोहात फिरल्या. मी मागून मान काढून बघत होतो.

"माप कुठाय ह्यात?" एकानं विचारलं.

वही माझ्याजवळ आली तेव्हा मी पान उन्हाला धरलं. चित्राखाली जिथं आकडे होते तिथं कागद घासलेला होता. खरवडून बारीक लव उभी राहिली होती. दुसरं पान तसंच. तिसरं तसंच. चौदाच्या चौदा. काम नीट केलेलं. चित्राला कुठं धक्का नाही, फक्त खालची दोन बोटं.

"आप्पा," म्हातारा म्हणाला, "माप नसलं तर नसू द्या. तुमीच सांगा. ह्या पयल्या चित्रात बोर बांधावर हाय, हितं रानात हाय. खरं कोणतं?"

आप्पा उभा राहिला. हात मागं बांधले.

"मी हौशी माणूस हाय, मालक," तो म्हणाला. "शोभंसाठी झाड इकडं तिकडं करतो. डोळ्याला बरं दिसंल तिथं काढतो. चित्रावरनं रान मोजायचं नसतं."

बायकांतून कुणीतरी हसलं. व्यंकट खाली बघत होता, दातात काडी.

मी पुढं झालो. "खोटं हाय," मी म्हणालो. "ह्यो माणूस पावलं मोजल्याबिगर रेघ मारत न्हाई. मी तीन आठवड्यांमागं आकडे वाचलेत. एकतीसचे एकोणचाळीस झालेत. पानं बघा, खोडलेत."

"तुमी येळवशीला हितं व्हताव का मिस्त्री?" विरूपाक्ष म्हाताऱ्यानं विचारलं.

"न्हाई. मी औश्याला असतो."

"एका तरी साली?"

"न्हाई."

"मग तुमाला काय ठाव?"

व्यंकट म्हणाला, "मिस्त्री भल्ता माणूस हाय ओ. लातूरला बसून आमचं रान मोजायलाय." आता सगळेच हसले.

निकाल व्हायला वेळ लागला नाही. बांध आहे तिथंच आहे. बाईनं घरात भांडण वाढवू नये.  गुणाबाई आप्पाकडं बघत राहिली आणि आप्पा वह्या पिशवीत भरत राहिला. एक वही उलटी गेली, ती काढून परत सुलटी घातली.

बसथांब्यावर आम्ही दोघंच होतो. ऊन डोक्यावर. 

"चौदा सालं त्येच्या कोपीत जेवलो, मिस्त्री," आप्पा म्हणाला. "तोंड उघडंना माझं."

"आंबील कुणी केली व्हती?"

त्यानं पिशवी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"चौदा सालं कुणाच्या हातचं खाल्लं तुमी? व्यंकटनं कधी चुलीपुढं फुंकर मारली का?"

"बस झालं मिस्त्री."

"खोडायला किती येळ लागला?"

हे मी का विचारलं मला माहीत नाही. पण त्यानं सांगितलं.

"तीन दिवस."

रविवार बंद झाले. मी दुकानाकडं जायचं सोडलं. गोलाईत काम असलं तर दुसऱ्या बोळातून जायचो. उन्हाळा गेला, पाऊस झाला, सोयाबीन निघालं. दिवाळीच्या आधी पार्वतम्मा माझ्या घरी आली. हातात छापील पत्रिका. नांदेडला आप्पाच्या चित्रांचं प्रदर्शन, तीन दिवस.

"तुमी आलं पायजे," ती म्हणाली. "तुमी येत न्हाई म्हणून रात-दिस कुढतेत. तुमच्यात काय झालं ते मला सांगत न्हाईत."

"हॉल कुणी बघितला?"

"दयानंदनं. व्यंकट भावजीचा पोरगा. नांदेडला कॉलेजात हाय ना तो. लई धडपड केली त्यानं. फाल्गुनात आला होता घरी, शिमग्याच्या दुसऱ्या दिशी. म्हणला, काका, चाळीस सालांचं काम हाय, लोकांनी बघू द्या. ह्येंच्या डोळ्यात पाणी आलं. आजपोत्तर कुणी विचारलं न्हाई ओ ह्येंना."

मी मनात दिवस मोजले. गुणाबाई आली होती शिमग्याच्या आदल्या आठवड्यात. म्हणजे दयानंद आला तो आकडे वाचल्यानंतर, बैठकीच्या आधी. पार्वतम्माचा दोष नव्हता. चहा दिला.

मी नांदेडला गेलो. मला बघायचं होतं. हॉल चांगला होता, पांढऱ्या भिंती, गिलावा सरळ. आप्पाची चित्रं मी पहिल्यांदाच काचेत बघितली. औश्याचा बुरूज, नारळवाले, घाटावर कपडे वाळत घालणाऱ्या बायका. चांगली होती. खरं तेच लिहितो, चांगली होती. काही ठिकाणी मला त्या दिवसाचं ऊनसुद्धा आठवलं.

मधल्या भिंतीवर चौदा चित्रं एका ओळीत. त्यांच्यापुढंच जास्त गर्दी. प्रत्येकाला जाड पांढऱ्या पुठ्ठ्याची चौकट. चौकट बाकी तिन्ही बाजूंनी बोटभर, खालून तीन बोटं. व्यंकट तिथं उभा राहून लोकांना सांगत होता, "ह्ये आमचं रान. ह्यी आमची विहीर." दयानंद फोटो काढत होता.

कॉलेजची एक पोरगी आप्पाला विचारत होती, "काका, इतकी वर्षं तीच जागा, आणि इतकं हुबेहूब कसं येतं?"

आप्पानं नवा सदरा घातला होता. कपाळाला विभूती. मला बघून त्याचा चेहरा उजळला. तो म्हणाला, "बाई, मी अंदाजानं काढत न्हाई. जागेवर बसतो. पावलं मोजतो. मग रेघ मारतो. ह्ये मला ह्या माणसानं शिकवलं, ह्ये आमचे मिस्त्री." आणि त्यानं माझा हात धरला.

लोक माझ्याकडं वळले. पोरीनं मला नमस्कार केला.

मी हात सोडवून घेतला.

"आप्पा, खालचं झाकलं कशाला?"

"ते माऊंट हाय, मिस्त्री. फ्रेमवाल्यानं..."

"तुमी तिथं हौशी व्हताव. हितं मोजून काढताव. एक काही तरी ठरवा."

पोरीला काही समजलं नाही. व्यंकटला समजलं. तो मोठ्यानं हसला. "मिस्त्रीला सगळं उघडं पायजे," तो लोकांना म्हणाला. "मग गिलावा कुणी करायचा?"

मी बाहेर आलो. आप्पा दारापर्यंत आला, पायऱ्या उतरला नाही. आत त्याला कुणीतरी हाक मारली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला कुणी अशी हाक मारत होतं, हे मला कळत होतं. कळत होतं म्हणून राग कमी झाला नाही. पारावर तो घाबरून बोलला असता तर मी वर्षभरात विसरलो असतो. पण त्यानं तीन दिवस बसून काम केलं होतं. घाईत केलेली चूक वेगळी. हे काम होतं, आणि त्याच्या सगळ्या कामासारखं नीट केलेलं.

दिवाळीनंतर गुणाबाईचा फोन आला. सृष्टीनं लावून दिला होता.

"मिस्त्री, एक काम हाय. तुमच्याशिवाय कुणाला सांगू वाटंना. बांधावर खांब घालायचेत. दगडाचे, शिमिटातले. पाच."

"कुठल्या बांधावर?"

"आता हाय त्या."

"वैनी, तो बांध खरा न्हाई. म्हणजे, तिथं हद्द न्हाई."

"ठाव हाय मला. पण मोकळा ठेवला तर औंदा आणि एक तास जाईल. पुढल्या साली आणि एक. गेलं ते गेलं. उरलंय ते तरी खिळवून टाका."

थापी ठेवून पाच वर्षं झाली होती. मी हाव म्हणालो.

काळी जमीन वाईट. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वर ठेवलेलं काहीही उचलून टाकते. खांब टिकवायचा तर मुरूम लागेपर्यंत खाली गेलं पाहिजे. एक मजूर घेतला. चार खड्ड्यांत चार फुटांवर मुरूम लागला, एकात पाच. मजूर म्हणाला, मिस्त्री, बाईच्या बांधाला इतकं कोण खोल जातं? मी म्हणालो, खण. दगड गुणाबाईच्याच रानातले, काळे, घडीव नाहीत पण बसणारे. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधली. प्रत्येक खांबाला ओळंबा लावला. सहा दिवस लागले.

व्यंकट रोज येऊन बघायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं घरून चहा पाठवला. "बरं केलंस मिस्त्री," तो म्हणाला. "कायमची कटकट मिटली. काम पण काय झकास हाय!" मी चहा मजुराला दिला. पण तो बोलला ते खरं होतं. त्यानं कोरलेली हद्द मी पक्की करून देत होतो, आणि चांगली करून देत होतो. वाईट करणं मला जमलं नसतं.

सहाव्या दिवशी रविवार होता. दुपारी आप्पा आला. बसथांब्यापासून चालत आला होता, पायांवर धूळ. खांद्याला पिशवी, हातात स्टूल. व्यंकटच्या घराकडं गेला नाही, सरळ रानात आला. मी शेवटच्या खांबाचा वरचा थर लावत होतो.  मी थापी थांबवली नाही.

तो गुणाबाईपुढं जाऊन उभा राहिला. ती खुरपत होती.

"वैनी," तो म्हणाला, "एक चित्र काढू का?"

मला वाटलं ती त्याला हाकलून देईल. मी असतो तर दिलं असतं. गुणाबाईनं खुरपं खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं.

"काढा की भावजी," ती म्हणाली. "आता काही सरकत न्हाई."

आणि ती परत खुरपायला बसली.

आप्पा तिथंच स्टूल टाकून बसला. पिशवी मांडीवर घेतली. तिचा बंद सोडला, परत बांधला. मजुरानं घमेलं धुतलं. मी गुणाबाईला सांगितलं, आठ दिवस दोन वेळा पाणी मारा, वरून गोणपाट टाका, नाहीतर शिमिट भाजून निघेल. ती हाव म्हणाली. सृष्टीनं लगेच विहिरीकडं घागर नेली आणि मधेच थांबली, विहीर त्यांची नाही म्हणून. मग ती लांबच्या हातपंपाकडं वळली.

आप्पानं ते बघितलं. मी त्याला बघताना बघितलं.

दिवस कलला तेव्हा मी दोरी गुंडाळली. आप्पाची वही पिशवीतून बाहेर आली नव्हती. लातूरची आता एकच बस उरली होती. दोघांनाही तीच धरायची होती. थांब्यावर तो एका टोकाला उभा राहिला, मी दुसऱ्या. बस आली. बसमध्ये जागा पुष्कळ होती. तो पुढं बसला. मी मागं जाऊन बसलो.